मोरीनआजींच्या पावातली अंगठी

शेजाऱ्याचा डबा कधी रिकामा परत द्यायचा नाही, ही सुमित्राच्या माहेरची रीत. ओहायोतल्या डब्लिनला येऊन चार वर्षं झाली तरी तिने ती सोडली नव्हती. शेजारच्या मोरीनआजींचा निळा पत्र्याचा डबा आला, की तो धुऊन-पुसून, त्यात चिवडा नाहीतर रव्याचे लाडू भरून ती नेऊन द्यायची आणि दारातच म्हणायची, "पाव फारच छान झाला होता."

ते खोटं होतं. त्या पावाचा तुकडा सुमित्राने एकदाही जिभेवर ठेवला नव्हता.

मोरीनआजी बहात्तर वर्षांच्या, घरात एकट्या. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा ॲरिझोनात, मुलगी बॉस्टनला. त्यांची आजी ब्रिजेट सतराव्या वर्षी आयर्लंडहून बोटीने आली आणि क्लीव्हलंडला एका घरी स्वयंपाकाला राहिली. येताना तिने आणल्या त्या पाव भाजायच्या रीती. मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या सणाला वर फुली कापलेला सोड्याचा पाव, आणि ऑक्टोबरअखेर हॅलोवीनला ब्रॅक, म्हणजे चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा गोडसर पाव. "गावाचं नाव डब्लिन, जिकडे बघावं तिकडे आयर्लंडचं तीन पानांचं हिरवं चित्र," त्या हसून म्हणत, "पण ब्रॅक भाजणारी या गल्लीत मी एकटीच." खाणारं कुणी घरात उरलं नाही, तेव्हापासून सणाचा पाव सुमित्राकडे येऊ लागला.

त्यात अंडं असणार, भांडीही कसलीकसली असणार, हे सुमित्राने मनाशीच ठरवून टाकलं. विचारलं मात्र नाही. म्हातारीचं मन कशाला दुखवा. अन्न कचऱ्यात टाकणं तिच्याच्याने होणारं नव्हतं, म्हणून नवरा रवींद्र किंवा शाळकरी मुलगी अदिती कापायच्या आत ती पाव घरांमागच्या तळ्यावर नेई, तिथल्या गीझ पक्ष्यांपुढे ठेवी आणि मुक्या जिवांच्या मुखी लागला म्हणून हात जोडी. घरी येताना तिला पुण्य केल्यासारखंच वाटायचं.

दोन हजार सातच्या हॅलोवीनला तिचं कार्तिकस्नान चालू होतं. सूर्योदयाआधी अंघोळ, मग काकडा, मग विष्णुसहस्रनाम, आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत परान्न वर्ज्य. सहस्रनाम अर्ध्यावर असताना बेल वाजली. दारात मोरीनआजी, हातात निळा डबा.

"अदितीला कापू दे हं, सुमी. आणि कापताना जरा हळू."

"हो, हो," म्हणत सुमित्राने डबा घेतला आणि परत पाटावर बसली. आजी दारात जरा घुटमळल्या होत्या, हे तिने पाहिलं, पण नामं राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव तळ्यावर गेला.

दिवाळीला ती फराळाचं ताट घेऊन शेजारी गेली. निळा डबाही चिवडा भरून न्यावा असं मनात होतं, पण घाईत तो घरीच राहिला. मोरीनआजींनी चकली तोडली. "माझ्या कवळीची परीक्षा बघतेस," म्हणाल्या, आणि दुसरी उचलली. मग पुढे सरकून हळूच, "आता सांग. अंगठी कोणाला मिळाली?"

"अंगठी?"

"ब्रॅकमधली. दहा दिवस वाट बघतेय. अदिती काही बोलेना. म्हटलं, पोरगी गुपित ठेवतेय."

मग त्यांनी सांगितलं. ब्रॅक भाजताना मेणकागदात गुंडाळून आत अंगठी ठेवायची. ज्याच्या तुकड्यात ती येईल त्याचं वर्ष चांगलं जातं. त्याने ती वर्षभर सांभाळायची आणि पुढच्या हॅलोवीनला परत आणून द्यायची. अंगठी ब्रिजेटची, चांदीची, झिजून तारेएवढी झालेली. मुलगा येत होता तोवर ती याच्याकडून त्याच्याकडे फिरत होती; मागची तीन वर्षं ड्रॉवरमध्येच पडून होती. "म्हटलं, यंदा तिला लहान मुलांच्या घरी जाऊ दे."

सुमित्राने फराळाचं ताट उगाच पुढे सरकवलं.

"अजून कापला नाही," ती म्हणाली. "माझं व्रत आहे ना. या महिन्यात बाहेरचं काही चालत नाही."

व्रत खरं होतं, बाकी सगळं खोटं. आपण देवाला पुढे करून त्याच्या आड लपलो, हे तिला त्याच क्षणी कळलं.

"मग राहू दे की," मोरीनआजी म्हणाल्या. "ब्रॅक मुरला की जास्त चांगला लागतो."

त्यानंतर तीन दिवस सकाळी, अंघोळ झाली की ती टॉर्च घेऊन तळ्यावर गेली. चिखल, पिसं, पक्ष्यांची घाण. काठीने उकरलं, मग हातांनी. तिसऱ्या दिवशी गवतात मेणकागदाची चिंधी सापडली, चोचीने फाडलेली. आत काही नव्हतं.

रवींद्रने चहा पिता पिता ऐकून घेतलं. "एवढं काय त्यात? सांग, अदितीला मिळाली आणि शाळेत हरवली. पोरांकडून हरवतं."

अदिती टेबलाशी सीरियल खात होती. "दॅट्स लाइंग, बाबा," तिने मान वर न करता म्हटलं. "आणि आई, यू ऑलवेज टोल्ड हर इट वॉज सो गुड. मला वाटायचं तू एकटीच खातेस."

सुमित्रा उठून देवघरात गेली. वीस वर्षं तोंडपाठ असलेलं सहस्रनाम त्या दिवशी मध्येच अडलं. पुढचं नाव काही केल्या आठवेना. तिने पोथी न उघडता समई शांत केली आणि निळा डबा काढला. चिवड्याच्या बरणीत हात घातला, आणि तसाच बाहेर काढला. भरलेला डबा न्यायचं धैर्य तिला होईना. तो रिकामाच घेऊन ती निघाली.

मोरीनआजींनी डबा घेतला, सवयीने झाकण उघडलं आणि आत पाहिलं. मग सुमित्राकडे.

"अंगठी हरवली. माझ्यामुळे," सुमित्रा म्हणाली. "पाव आम्ही खाल्ला नाही. मी तो तळ्यावर गीझना घातला."

"ब्रॅक?"

"हो."

मोरीनआजींनी स्वच्छ ओटा पुन्हा एकदा पुसला. "आणि मार्चमधला सोड्याचा पाव?"

"तोही."

"आणि त्याच्या आधीचे?"

"सगळेच."

मोरीनआजींनी डब्याचं झाकण लावलं.

"पहिल्याच वर्षी अदितीने मला सांगितलं होतं, आई अंडं खात नाही," मोरीनआजी म्हणाल्या. "तेव्हापासून तुमच्या पावात अंडं घातलं नाही. त्याचा साचासुद्धा वेगळा ठेवलाय. तुला अवघड वाटेल म्हणून बोलले नाही." त्यांनी फडकं घडी घालून नळावर ठेवलं. "गीझना पाव घालू नये, सुमी. त्यांच्या पंखांना वाईट असतो. तळ्यावर पाटी लावलीय."

"मला माफ करा," सुमित्रा म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मी लोण्याला हात लावत नाही. कुणी लोणी लावून पाव पुढे केला, की म्हणते, माझा उपास आहे. ते ताटली उचलतात. एवढंच असतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर सुमित्राला बरं वाटलं असतं. "मी काय तुझ्यावर रागावले असते?"

सुमित्राने नकारार्थी मान हलवली.

"तुझा हा महिना कधी संपतो?"

"चोवीस तारखेला पौर्णिमा. पंचवीसला मी बाहेरचं खाऊ शकते."

मोरीनआजींनी निळा डबा धुवायला घेतला.

पंचवीस तारीख रविवारी आली. मोरीनआजींची गाडी चर्चमधून परतलेली खिडकीतून दिसली, तशी सुमित्रा शेजारी गेली. या वेळी हातात काहीच नव्हतं. मोरीनआजींनी दार उघडलं आणि तिला आत घेतलं, हसल्या मात्र नाहीत. स्वतःसाठी भाजलेल्या ब्रॅकचा अर्धा भाग त्यांनी फ्रीझरमध्ये ठेवला होता. त्याची एक चकती गरम करून, ताटलीत घालून त्यांनी टेबलावर ठेवली आणि समोर बसल्या.

सुमित्राने मनात कृष्णार्पण म्हणून पहिला घास घेतला. बेदाणे, चहाचा किंचित तुरटपणा, आणि मागून जायफळ. पुरणात तिची आई घालायची तेवढंच, ना जास्त, ना कमी. हा वास तीन वर्षं तिच्या ओट्यावर येऊन गेला होता, आणि तिने डब्याचं झाकणही नीट उघडून पाहिलं नव्हतं. तिने खाली पाहत सगळी चकती संपवली, ताटलीतले कणसुद्धा बोटाने टिपून.

"छान झाला होता," हे शब्द ओठांवर आले. ते तिला उच्चारता येईनात. मोरीनआजींनीही कसा झालाय ते विचारलं नाही.

"मार्चमध्ये सोड्याचा पाव करेन," ताटली उचलत त्या म्हणाल्या. "पीठ मळायला ये. येणार नसशील, तर तसं सांग."

"येईन."

"बघू."

निळा डबा फडताळावर होता, धुऊन पालथा घातलेला. निघताना मोरीनआजींनी तो दिला नाही. सुमित्रानेही मागितला नाही.