वर्नाच्या हाताजोगं

वर्नाने दोन्ही हातांचा जोर लावून पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढला. तो निम्म्यावर आला, अडला आणि तिच्या बोटांतून निसटून खाडकन पुढे गेला.

"होतं असं," मर्ल म्हणाला. "याची स्प्रिंग पहिल्यापासून ताठ. पण वीस हजार गोळ्या झाडल्यात मी यातून. एकदाही अडकलं नाही."

"ते नाही अडकलं. मी अडकले ना."

मर्ल हसला आणि त्याने पिस्तूल तिच्या हातून घेऊन टेबलावर ठेवलं, नळी मातीच्या बांधाकडे करून. शनिवारची सकाळ होती. नेब्रास्काच्या त्या भागात वारा कधी पडत नाही, आणि नेमबाजी क्लबच्या पत्र्याखाली कॉफीचे कागदी कप दगड ठेवून दाबावे लागत होते.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवून वर्नाच्या अंगठ्यांचे सांधे गेले होते. दुकानात जाण्याआधी तिने मर्लला फोन केला होता. दुकानदार जे शिल्लक असेल त्याचंच कौतुक करणार; त्यापेक्षा जे रोज झाडतात त्यांना विचारावं, असा तिचा हिशेब. कशासाठी हवंय, हे मर्लने विचारलं नाही. गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाच महिन्यांपूर्वी वर्नाची मुलगी जोलीन चार वर्षांच्या पोरीला घेऊन माहेरी आली होती, डाव्या हाताला प्लास्टर. तिच्या नवऱ्याने, रँडलने, घराच्या आसपास फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम होता. तरी त्याची गाडी दोनदा गल्लीतून सावकाश गेली होती.

"मावशी, आता माझं बघ," आर्लेटा म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. शाळेत असताना वर्नाच्याच बसने जायची. तिचं पिस्तूल चपटं, पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडंसंच मोठं वाटणारं. "पर्समध्ये मावतं. खरं सांगू का, बाळगायला मजा, झाडायला सजा. पॉलिमरचं असल्यामुळे वजन नाही, म्हणून सगळा झटका हातात येतो."

वर्नाने तीन गोळ्या झाडल्या. तिसरीनंतर तिने पिस्तूल खाली ठेवलं आणि मनगट काखेत दाबून धरलं.

तेवढ्यात फाटकातून एक निळी गाडी आत आली. आर्लेटाचा हात डोनटच्या खोक्यावरच थांबला.

"तो आज येईल असं मला वाटलं नव्हतं," मर्ल हळूच म्हणाला.

"सभासद आहे तो. येऊ दे," वर्ना म्हणाली.

गाडीतून हार्लन उतरला. रँडलचा बाप, वर्नाचा व्याही; मुलापेक्षा थोडा बुटका. विजेच्या खांबांवर जन्म काढलेला, बोलणं मोजकं. जोलीन घर सोडून आल्यापासून तो आणि वर्ना एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. तो टेबलापाशी आला, टोपीला हात लावला.

"विहीणबाई."

वर्नाने मान हलवली.

हार्लनने टेबलावरची दोन्ही पिस्तुलं पाहिली, मग तिचे अंगठे पाहिले. आपली पेटी उघडून त्याने एक करडं पिस्तूल बाहेर काढलं, ते रिकामं असल्याची खात्री केली आणि तिच्यापुढे ठेवलं.

"संधिवात मलाही आहे," तो म्हणाला. "म्हणून मागल्या वर्षी हे घेतलं. वरचा भाग ओढायचा नाही. तो नुसता घट्ट धरायचा आणि मूठ पुढे ढकलायची."

तिने तसं केलं. खटका बसला. तिने पुन्हा केलं, पुन्हा बसला.

"पहिल्या शंभरेक गोळ्यांत दोनदा अडकलं होतं," हार्लन म्हणाला. "मनगट ढिलं सोडलं होतं मी. पिस्तुलाचा दोष नव्हता. तुम्ही सोडू नका."

तिने पाच गोळ्या झाडल्या, सावकाश. मर्लने दुर्बीण डोळ्याला लावली आणि मग आर्लेटाकडे दिली. पाचही भोकं तळहाताएवढ्या जागेत होती.

"हेच घ्या," हार्लन म्हणाला. "आणि एवढ्या लांबून सराव करू नका. तुमच्या स्वयंपाकघरापासून मागचं दार किती?"

वर्नाने मनातल्या मनात घर चालून पाहिलं. "सात पावलं."

"पुढच्या दाराला तो येणार नाही. लहानपणापासून मागच्याच दाराने यायची सवय त्याला."

 वर्नाने पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं. मर्लने ते पाहिलं आणि पुढे जायला हरकत नाही असा आवाज दिला.

हार्लन एकटाच गेला. सात पावलं मोजून त्याने लाकडी चौकट रोवली, तिच्यावर कोरा कागद लावला, त्यावर पेनाने बशीएवढं वर्तुळ काढलं. मग चौकटीशेजारी उभा राहून वर्तुळ आपल्या छातीशी ताडून पाहिलं. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग कागद सोडवला आणि चार बोटं वर चढवून पुन्हा लावला.

परत आल्यावर त्याने कानांवर संरक्षक चढवले आणि वर्नाच्या मागे जाऊन उभा राहिला. तिने वळून पाहिलं तेव्हा तो गाड्यांकडे तोंड करून, पाठमोरा होता.

"मारा," तो म्हणाला.

तिने मूठ पुढे ढकलली. मनगट ढिलं सोडलं नाही. एकच गोळी झाडली. वर्तुळाच्या ऐन मध्यावर भोक पडलं. ते पाहायला दुर्बीण लागत नव्हती. मर्लने नजर खाली घातली.

"लागली का?" हार्लनने विचारलं. तो वळला नव्हता.

वर्ना कागदाकडे बघत राहिली.

"नाही," ती मोठ्याने म्हणाली. "चुकली."

वाऱ्याने एक कप उलटला. तो कोणी उचलला नाही.

"मग परत मारा, विहीणबाई," हार्लन म्हणाला.