पूंगोडीच्या पत्रावरचे वजन

मित्रांनो, ज्या पत्राला उत्तर गेले नाही, त्या पत्रावर मी सहा महिने बसून होतो. कागद उडू नये म्हणून नाचिमुत्तूंनी मला तिथे ठेवले होते.

पत्र त्यांच्या बायकोच्या भाचीचे, पूंगोडीचे. ती वाल्पारईला चहामळ्यातल्या शाळेत शिकवते. तिने लिहिले होते, "मामा, माझ्या छोट्या गाडीला मी जुना टर्बो बसवून घेतलाय. हवा जास्त शिरते, पेट्रोल मात्र तेवढंच. कोइमतूरचे कारागीर म्हणतात, इंजिनाला नवा संगणक लाव, सव्वा लाख होतील. सव्वा लाखात मी दुसरी गाडी आणेन. तुमचा तो डबा चालेल का? डिसेंबरात, मार्गळी महिन्यात, घाटातली शर्यत आहे. हो किंवा नाही, एवढंच कळवा."

तो डबा म्हणजे मी. मी एक जुना दाबनियंत्रक आहे, मुठीएवढा, ॲल्युमिनियमचा. माझे काम मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे, तरी सांगतो. इंजिनाला नको असलेले पेट्रोल टाकीकडे परत जाते, त्या वाटेवर मी बसतो. टर्बोची हवा बारीक तोटीतून माझ्या डोक्यात शिरते आणि आतला रबरी पडदा दाबते. मग मी परतीची वाट आवळतो. पेट्रोलचा दाब वाढतो आणि इंजिनाला हवेच्या जोडीने पेट्रोलही जास्त मिळते. एवढेच माझे शहाणपण.

नाचिमुत्तूंनी मला बनवले तेव्हा ते पॉलिटेक्निकात लेथ शिकवत. मी त्यांच्या हातून चार वेळा बिघडलो आणि पाचव्या वेळी जमलो. त्यांनी मला त्यांच्या टर्बोवाल्या लाल गाडीत बसवले. दोन वर्षे दर रविवारी आम्ही गावाबाहेरच्या धावपट्टीवर जात असू. मागे पडलेले मोठ्या गाड्यांचे मालक आमचे बॉनेट उघडून पाहत.

"अण्णा, आत वेशीवरचा मुनी देव बसवलाय का?"

"नाही हो. रबर आहे," नाचिमुत्तू लाजून म्हणत.

ते दिवस फार सुखाचे होते.

मग एका आयुधपूजेला त्यांनी माझी हवेची नळी काढून मला लख्ख पुसले, विभूती आणि चंदन लावले. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, आम्ही धावपट्टीवर गेलो. तिसऱ्या फेरीत इंजिन खडखडले आणि थांबले. पेट्रोल कमी पडून पिस्टन वितळला होता.

"माझा हिशेबच चुकला," नाचिमुत्तू म्हणाले. मला उघडूनही न पाहता त्यांनी मला पुस्तकांच्या कपाटात ठेवले. अकरा वर्षे मी शब्दकोशाला टेकून होतो. दोष माझाच, असे मलाही वाटू लागले. पुस्तकांच्या संगतीत माणूस शंकेखोर होतो, डबाही होतो.

आणि मग पूंगोडीचे पत्र आले. नाचिमुत्तू रोज ते वाचत आणि पुन्हा माझ्याखाली सरकवत.

"अहो, नाही म्हणायचं तर नाही म्हणा," त्यांच्या पत्नी वळ्ळियम्माळ म्हणत. "पोरीला ताटकळत का ठेवता?"

"हो म्हटलं आणि तिचं इंजिन गेलं तर?"

"आणि तुम्ही काहीच कळवलं नाही म्हणून तिनं तशीच गाडी पळवली तर?"

यावर ते चष्मा पुसत बसत.

यंदाच्या आयुधपूजेला पुस्तके आणि हत्यारे एकाच चौरंगावर मांडायची होती. वळ्ळियम्माळनी मलाही खाली काढले. धुताना त्यांना तोटी तुंबलेली दिसली. त्यांनी अंबाड्यातली पिन काढून आत घातली. पिवळा, दगडासारखा खडा ताटलीत पडला.

त्यांनी तो हुंगला. "अहो, इकडे या. हे चंदन आहे."

नाचिमुत्तूंनी खडा बोटांत फिरवून पाहिला. "तोटीवर ठिपका मीच लावला होता," ते म्हणाले. "रात्रीत वाळला. सकाळी मी त्याच्यावरच नळी चढवली. ह्याला हवा पोचलीच नाही."

"म्हणजे डबा बरोबर होता?"

"डबा बरोबर होता."

"आणि तुम्ही अकरा वर्षं तोंड पाडून बसलात," वळ्ळियम्माळ म्हणाल्या आणि हसू लागल्या. मग तेही हसू लागले. हसता हसता नैवेद्याच्या चुरमुऱ्यांची परात कलंडली.

विजयादशमीला काम सुरू करायचे असते. नाचिमुत्तूंनी माझा पडदा नवा घातला, तोटीला सायकलचा पंप जोडला आणि दाबाचे गेज लावले. वळ्ळियम्माळनी पंप मारला. काटा चढला. त्यांनी पुन्हा मारला, काटा पुन्हा चढला. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही.

मग नाचिमुत्तूंनी पत्र लिहिले: "हो. पण हवेचा दाब थोडाच ठेव. जास्त हवा असेल तर हा पुरणार नाही. हल्लीच्या गाड्यांत पेट्रोलची परतीची नळी नसते, ती आधी टाकून घे. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा मीटर लावल्याशिवाय पळवू नकोस. आणि गंध ह्याच्या पाठीवर लाव, तोटीला नको. उशीर झाला, माफ कर."

तुम्हालाही एवढेच सांगतो: एखादी वस्तू बिघडली तर तिला दोष देण्याआधी उघडून पाहा.

पोस्टाच्या खिडकीतल्या बाईंनी मला भरलेले खोके हलवून पाहिले. "आत काय आहे?"

"उत्तर," नाचिमुत्तू म्हणाले.

"एवढं जड?"

"सहा महिन्यांचं आहे."

बाईंनी खोक्यावर शिक्का जोरात मारला. मी आत आनंदाने खुळखुळलो.