भिंतीवरची ऊर्मी

"आगो बाय, टीवीवरली मेलेली पोर ती तूच का गो?"

चामटोलीची कौसाबाई भाजीची पाटी दारात उतरवून अनुयाकडे टकमक बघत होती. अनुयाने हसून मान हलवली. तिला आता सवय झाली होती. हेंद्रेपाड्यातल्या त्या तीन मजली इमारतीत तिला ओळखणारे सगळे मेलेली म्हणूनच ओळखत होते.

काम होतं दोन दिवसांचं. मालिकेतल्या इनामदारांची धाकटी मुलगी ऊर्मी पहिल्याच भागात दरीत कोसळते आणि पुढे वर्षभर दिवाणखान्याच्या भिंतीवर हार घालून हसत राहते. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी त्या फोटोपुढे उभं राहून रडायचं आणि इकडे आईचा जीव टांगणीला लागायचा. जिवंत पोरीच्या फोटोला हार म्हणजे यमाला आवतण, असं तिचं ठाम मत. मालिका संपली रे संपली की मीठ-मोहरी घेऊन ती अनुयाची दृष्ट काढायची.

"आई, अगं अभिनय आहे तो."

"अभिनय खुशाल कर. हार कशाला घालून घेतेस?"

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले अण्णा या वादात पडत नसत. ते पेपर उलटा-पालटा करत बसायचे.

आईला कोण सांगणार, की पोरीचं सगळं नशीब त्या हाराच्या खिळ्याला लटकलेलं आहे? मालिकेत मेलेली माणसं परत येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्रॉडक्शन सांभाळणारा उल्हासनगरचा मुकेश तर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "बॉडी मिळाली नाही ना? मग तू येणार वापस. बस, डेट्स खाली ठेव."

अनुयाने तारखा मोकळ्या ठेवल्या. अंबरनाथला तालमीत नाटक बसवणाऱ्या प्रमोद सरांनी दोन अंकी नाटकातली मुख्य भूमिका देऊ केली, तेव्हासुद्धा.

"सर, सिरीयलचं कधीही बोलावणं येईल."

"फोटोला कसलं आलंय बोलावणं?" सर म्हणाले. ते तिला फार लागलं. भूमिका तालमीतल्याच मनालीला गेली. आता नाटकाचे प्रयोग जोरात चालले होते आणि अनुया घरी बसून वाट बघत होती. वाट बघण्यासारखं दमवणारं काम नाही. त्यात घाम येत नाही, म्हणून दमलो म्हटलं तर कुणाला पटत नाही, एवढंच.

त्या दुपारी मुकेशचा फोन आला.

"सुन, ऊर्मी जिंदा होतेय."

अनुया ताडकन उठून उभी राहिली. "कधी येऊ?"

तो घुटमळला. "देख, बुरा मत मान. चॅनलला फेमस चेहरा पाहिजे. दुसरी मुलगी घेतलीय. आजच्या एपिसोडपासून फोटोपण तिचाच."

"पण वर्षभर लोकांनी मला पाहिलंय!"

"अरे, फोटोकडे कोण एवढं बघतं?"

तिने घरात कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी मालिका लागली. आई नेहमीसारखी पदर तोंडाशी धरून, नाइलाजाने बघत होती. इनामदारांच्या आजीने उदबत्ती ओवाळली. चौकट तीच, हार तोच. आत भलतीच पोरगी.

"अहो, काढला! आपल्या अनूचा फोटो काढला!" आईच्या डोळ्यांना धार लागली. "सुटली गं माझी पोर!" म्हणत ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि थोड्याच वेळात तुपावर रवा भाजल्याचा वास सुटला.

अण्णांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "तुला माहीत होतं?"

"दुपारी फोन आला होता. दुसरीला घेतलंय, अण्णा. संपलं सगळं."

"तिला सांगतो मी. शिरा कसला करतेय!"

"नको." अनुया हळूच म्हणाली. "वर्षभर घाबरलीय ती. आज राहू दे."

आईने गरम शिऱ्याची ताटली तिच्या हातात दिली आणि समोरच बसली. "माझ्या डोळ्यांदेखत खा." कित्येक महिन्यांनी ती अशी मोकळी हसत होती. अनुयाला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. तिने पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलला. अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"जमलाय ना गं?"

"जमलाय."

"अजून वाढू?"

अनुयाने ताटली पुढे केली.