कंसातलं वाक्य

नाटकाच्या अभिवाचनात सगळ्यात बिनमहत्त्वाचं काम माझ्याकडे असतं. बाकीचे लोक आई, मुलगा, सैनिक, निर्वासित वगैरे होतात. मी कंसातल्या रंगसूचना वाचते. 'दार उघडतं.' 'दूर सायरन वाजतो.' 'ती रडते.' पात्र वाचणाऱ्या बाईने रडायचं नसतं. मी 'ती रडते' म्हटलं की ती रडली असं लोकांनी धरून चालायचं. त्याला कोरडा आवाज लागतो. जिनत म्हणते, आनंदीताई, तुमच्याइतका कोरडा आवाज पुण्यात दुसरा नाही. पुण्यात हे म्हणजे काही कमी नाही.

जिनत आमची दिग्दर्शिका. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली, पण छडी अजून खाली ठेवलेली नाही. बुधवार पेठेत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये ती यंदा नवी नाटकं वाचून घेते. अट एकच, नाटक आजच्या जगाबद्दल हवं. आधी समुद्रात बुडणारं बेट झालं, मग बॉम्बहल्ल्यात सापडलेलं इस्पितळ. मी दोन्ही वेळा कोरडं ठणठणीत वाचलं. लोकांनी डोळे पुसले, खाली उतरून मोबाइलची कव्हरं घेतली आणि घरी गेले. जिनतचा नियम असा की नव्या नाटकाच्या शब्दाला हात लावायचा नाही. लेखक समोर बसलेला असतो, त्याने काय लिहिलंय ते त्याला जसंच्या तसं ऐकू गेलं पाहिजे.

तिसरं नाटक वाघोलीच्या तालिबचं होतं. पोरगा आयटीत आहे, नोकरी सांभाळून लिहितो. नाटकातला मुलगा अमेरिकेत असतो आणि इथे त्याचे वडील जातात. व्हिसाचे कागद अडकलेले, निघाला तर परत आत घेतील याची खात्री नाही. तो अंत्यदर्शन फोनवर घेतो.

जिनतने मला आधी फोन केला. "हे तुम्हाला जमेल ना? नाहीतर मी दुसऱ्या कुणाला सांगते."

"कंसच वाचायचेत," मी म्हटलं. "त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

तिने विचारलं, कारण गेल्या वर्षी यज्ञेश्वर, माझे यजमान, गेले आणि आमचा केदार आला नाही. तालिबला यातलं काही माहीत नव्हतं. अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत, कुणाचं ऐकून लिहायची गरजच नाही.

केदार ओहायोत असतो, त्याचेही व्हिसाचे कागद अडकलेले. यज्ञेश्वर आयसीयूत होते तेव्हा त्याने विचारलं होतं, "आई, निघू का?" मी म्हटलं, "येऊ नकोस, नोकरी जाईल. मी आहे इथे." आता आमच्याकडे पानावर बसलेला माणूस पोळीला नको नको म्हणतो आणि वाढणारा तरीही वाढतो. नको म्हणणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. मी नको म्हटलं, आणि केदारने खरंच वाढलं नाही.

तेव्हापासून मला काही होत नाही. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात आणि मग गाल आपला आहे की शेजाऱ्याचा ते कळत नाही, तसं. केदार दर रविवारी फोन करतो. शेवटी विचारतो, "आई, माफ केलंस ना मला?" मी म्हणते, गॅसवर दूध आहे, ठेवते. त्याला एकदा माझ्या तोंडून 'हो' ऐकायचंय, मला कळतं. एका अक्षराचं काम. ते माझ्याकडून होत नाही.

अभिवाचन इंटरनेटवर थेट दाखवतात. "मी बघणार आहे," केदार म्हणाला. "इथे सकाळ असेल."

रविवारी संध्याकाळी हॉल भरला होता. आईचं काम जिनतच वाचत होती, मुलाचं बुद्धभूषण. मी नेहमीसारखी कडेला बसले. 'फोन वाजतो.' वाचलं. 'पडद्यावर वडिलांचा चेहरा. नाकात कापूस.' तेही वाचलं, आवाज जराही हलला नाही. पुढच्या रांगेतली एक बाई रडायला लागली. मला तिचा हेवा वाटला.

मग शेवटचं पान आलं. बुद्धभूषणने वाचलं, "आई, मी यायला हवं होतं ना?" आणि खाली माझा कंस होता. 'आई मान डोलावते. तिने त्याला केव्हाच माफ केलं आहे.'

"आई मान डोलावते," मी वाचलं आणि थांबले.

बुद्धभूषण बोट ओळीवर ठेवून वाट बघत राहिला. पुढचं वाक्य आल्याशिवाय त्याने बोलायचं नव्हतं. जिनतने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा होता आणि त्याच्या पलीकडे केदार होता. मी कागद मिटला. मला राग आला होता. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी आलं होतं आणि ते लेखकाच्या माफीखाली दडपायची माझी तयारी नव्हती. शेवटी बुद्धभूषणनेच "ठेवतो, आई" म्हटलं आणि नाटक संपलं.

चहाच्या वेळी एक आजोबा तालिबला म्हणाले, "छान लिहिता. आई जरा जास्तच समजूतदार झालीय. अशा आया आता कुठे मिळतात?" तालिब माझ्याकडे आला. "ताई, तो पॉज भारी होता. स्क्रिप्टमध्ये टाकू?" जिनतने माझ्या हातात कप दिला, तेवढ्यात केदारचा फोन आला. मी गॅलरीत गेले. खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"आई, तू काहीतरी गाळलंस."

"हो."

"काय होतं?"

मी ते वाक्य त्याला सांगितलं.

"पण येऊ नकोस असं तूच म्हणाली होतीस," तो म्हणाला. आवाज त्याच्या लहानपणचा झाला होता.

"म्हणाले होते. आणि तू ऐकलंस."

तो रडायला लागला. मी फोन कानाला धरून उभी राहिले. मला रडू आलं नाही, पण दूध गॅसवर आहे असंही मी म्हटलं नाही.

"मग आता येऊ?" त्याने विचारलं. कागद अजून अडकलेलेच होते. निघाला तर परत जाता येईलच असं आजही कुणी सांगत नव्हतं. 'नको' माझ्या जिभेवर तयार होतं.

"मला विचारू नकोस, केदार," मी म्हटलं.