छातीशी धरलेली उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाची, हाताला जरा घट्ट लागणारी. उशीच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. माणसाच्या डोक्याखाली राहायचं आणि आत काय चाललंय ते कळू नये, याची मला फार चुटपुट लागायची.

माझा जन्म भातकुलीजवळच्या एका गावात, किसनरावांच्या ओसरीवर झाला. तेव्हा त्यांच्या वावरात कापूस होता. पहिल्या वेचणीतला पांढराशुभ्र कापूस किसनरावांच्या पत्नीने, पार्बताबाईंनी, बाजूला काढून ठेवला आणि कुर्बान पिंजाऱ्याला बोलावणं धाडलं. कुर्बान कापूस पिंजायची धनुकली घेऊन आला. तिची तात टणटणू लागली तसा तो कापूस फुलत गेला आणि सगळी ओसरी ढगात बसल्यासारखी झाली.

"ठासून भरजो भाऊ, यायले मऊ उशीवर झोप येत नाही," पार्बताबाई म्हणाल्या.

"भाभी, उशी भरून राहिलो का पोतं?" कुर्बान हसत हसत मला आणखी दाबून भरत म्हणाला.

अशी मी घट्ट झाले. बरीच वर्षं किसनरावांच्या डोक्याखाली सुखाने राहिले. पुढे दिवस पालटले. कधी पाऊस दडी मारी, कधी बोंडअळी पीक खाई, आणि आलेल्या कापसाला भाव नसे. किसनरावांनी कापूस सोडून झेंडू आणि शेवंती लावली. फुलं अमरावतीच्या बाजारात जाऊ लागली. त्या वावरातला कापूस आता फक्त माझ्या पोटात उरला होता. घरात सून आली, गीतांजली. तिने मऊमऊ फोमच्या उशा आणल्या आणि मी माळ्यावर गेले. राग नाही हो मला. नव्याची हौस सगळ्यांनाच असते. पण अंधारात पडून घरातले नुसते आवाज ऐकायचे, आणि खाली काय चाललंय ते दिसू नये, हे मात्र जड गेलं.

मग एके दिवशी खाली धावपळ झाली. किसनरावांच्या छातीत कळ आली होती. मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. तिथे त्यांची छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन झालं. ते घरी येणार म्हटल्यावर गीतांजलीने पुढची खोली लावायला घेतली. बाजेला झोळ पडला होता. तिच्यावरून उठताना हातांवर जोर द्यावा लागला असता, म्हणून तिच्या जागी लाकडी पलंग आला. पाठ उंच राहावी म्हणून उशा रचल्या. डोक्यातून घालायचे सदरे बाजूला ठेवून समोरून बटणं असलेली बंडी काढली. पाण्याचा तांब्या हात सहज पोहोचेल असा ठेवला. शिंक येऊ नये म्हणून फुलांच्या टोपल्यासुद्धा ओसरीवरून गोठ्यात गेल्या. उशा पुरेनात, तेव्हा मला खाली काढून दिवसभर उन्हात ठेवलं.

आणि कुठे ठेवलं मला? टाके घातलेल्या पायाखाली!

मी चक्रावले. दुखणं छातीचं, मग पायाला टाके कशाला? उत्तर मिळालं ते शेजारणीला गीतांजली सांगत होती तेव्हा. पायातली शीर काढून ती हृदयाला जोडली होती, रक्ताला नवी वाट मिळावी म्हणून. ऐकून मी थक्क झाले. देवाने माणूस घडवताना कशाकशाची सोय कुठे करून ठेवली आहे! आता मला ते हृदय ऐकण्याची ओढ लागली.

ती संधी किसनरावांनीच दिली. खोलीत कुणी नाही असं बघून त्यांनी मला ओढून घेतलं, दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं आणि हलकेच खोकून पाहिलं. मुलगा जवळ नसताना दवाखान्यातल्या नर्सने तसंच शिकवलं होतं. उशी धरली की टाक्यांना आधार मिळतो, मग कफ बाहेर काढता येतो. मी कान लावले. आत धडधड चालू होती आणि तिच्यामागे घरघर, ओल्या पाचोळ्यात पाय पडावा तशी.

तेवढ्यात पार्बताबाई आल्या. "अगबाई, छातीवर ओझं कायले घेता जी? वाईट सपनं पडतात," असं म्हणून त्यांनी मला अलगद उचललं.

किसनरावांना सांगायचं होतं. बोलायला जावं तर खोकला उसळे, आणि उशीशिवाय खोकला आला की छाती आता फुटते असं वाटे. म्हणून ते ओठ मिटून राहिले. त्यातून भेटायला येणाऱ्यांची रीघ. चारचौघांसमोर वावरातल्या माणसाने लेकरासारखी उशी कवटाळून बसायचं, याची त्यांना लाज वाटे. खोकला दाबत दाबत ते अगदी मुके झाले.

मित्रांनो, एरवी याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण दिवस वेगळे होते. आमच्या भागात या ना त्या गावाहून कुणा शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी यायची. तो माणूस आधी बोलेनासा झाला होता, असं लोक मागाहून सांगायचे. पार्बताबाईंनी ते ऐकलेलं होतं. आता किसनरावही गप्प झाले होते. पार्बताबाईंनी फवारणीच्या विषारी औषधांचे डबे गुपचूप शेजारी नेऊन ठेवले. सोमवार, चतुर्थी त्या धरतच होत्या. आता रोज अळणी जेवू लागल्या. तुळशीपुढे दिवा लावून पुटपुटत, "यायच्या मनात काय हाय, माय, तूच सांग." तुळशीला त्या रोज विचारत होत्या. नवऱ्याला मात्र एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं आणि तो हो म्हणाला तर?

किसनरावांना बोलतं करावं म्हणून त्यांनी कुर्बानला बोलावून घेतलं. तो पलंगाजवळ बसला.

"काय किसनभाऊ, आवाज कुठं गेला? डाक्टरनं छाती उघडली आन् जबान काढून घेतली का?"

किसनरावांना हसू फुटलं. पण हसलं की दुखणार, म्हणून त्यांनी दात आवळून भिंतीकडे तोंड केलं. पार्बताबाईंनी तेवढंच पाहिलं. "कुर्बानभाऊच्या गमतीलेही आता तोंड फिरवते," त्या स्वयंपाकघरात जाऊन गीतांजलीला म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

मला सगळं ठाऊक होतं. पण उशीला तोंड कुठे असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनरावांचं अंग तापलं. श्वास उथळ झाला. घरघर वाढल्याचं मला पायाशीसुद्धा कळत होतं. त्यांनी मला पुन्हा छातीशी घेतलं. पार्बताबाई कपाळावर ओली पट्टी ठेवायला आल्या आणि सवयीने माझं टोक धरून मला उचलू लागल्या. या वेळी किसनरावांनी मला सोडलं नाही. दोघांच्या मध्ये मी. पार्बताबाईंचा हात थांबला, आणि इतक्या दिवसांचा बांध फुटला.

"काय हाय जी तुमच्या मनात? काय करायचं घेतलं मनावर? सांगा ना मले एकडाव!"

किसनरावांनी मला आणखी घट्ट धरलं. मग एकेक शब्द जपून काढत म्हणाले, "मनात काही नाही वं. छातीत खोकला हाय."

"खोकला?"

"हाव. ते उशी राहू दे. तिच्या आधारानं निंगते तो."

पार्बताबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी मला नीट बसवलं, किसनरावांचे दोन्ही हात माझ्यावर आणले आणि खांद्याला आधार देत म्हणाल्या, "खोका. काही होत नाही. मी हाय ना."

ते खोकले. मी जमेल तेवढी घट्ट झाले. कुर्बानने ठासून भरलेला कापूस त्या दिवशी कामी आला. गीतांजलीने डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी छाती तपासली, औषध बदललं आणि कफ साचू देऊ नका, रोज असंच खोकत जा, म्हणून बजावलं. ताप उतरला. छातीतली घरघर कमी होत गेली आणि एका सकाळी मला नुसतं हृदय ऐकू आलं. किती साधा आवाज होता तो! मी त्यात काहीतरी नवल शोधत होते, आणि नवल एवढंच होतं की तो चालू होता.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारातून उठत असेल तर त्याला उंच उशी द्या, सैल कपडे द्या, पाणी हाताशी ठेवा. आणि तो गप्प असेल तर का गप्प आहे ते आपल्याच मनाने ठरवू नका. देवाला विचाराच, पण त्याच्याजवळ बसून त्यालाही विचारा. उत्तराची भीती वाटली तरी विचारा.

आता किसनराव पाहुण्यांसमोर मला खुशाल कवटाळून बसतात. साठलेलं सगळं एकदम बोलत सुटतात. झेंडूचं, बाजाराचं, नागपूरच्या दवाखान्यातल्या पाणचट वरणाचं. परवा पार्बताबाई पोथी वाचत होत्या. कंटाळून त्या म्हणाल्या, "आता थोडं गप बसा ना जी!"

किसनराव गप्प झाले. पार्बताबाईंनी पान उलटलं. मग पोथी मिटली आणि त्या घाईघाईने म्हणाल्या, "नाही नाही. बोला तुमी. बोलत राहा."