अकोला पासिंगची कॉन्टेसा

धम्मदीपा वाशीमच्या एका खाजगी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. तुरी निघायच्या दिवसांत ती सुट्टी काढून किन्हीराजाला घरी आली होती. जेवण झाल्यावर तिनं मोबाईल बापापुढं धरला.

"बाबा, हे आपली कॉन्टेसा तं नाही?"

पुंजाजीनं चष्मा सदऱ्याला पुसला. डाळिंबी रंग, खाटेएवढं लांब बोनेट, अकोला पासिंगचा नंबर. नंबर त्यानं बोट ठेवून वाचला, मग पुन्हा वाचला.

"तेच आहे," तो म्हणाला. "भंगारात नाही गेली म्हणजे."

"खाली किंमत पाहा."

साडेसात लाख. पुंजाजी हसला. "एक शून्य जास्तीचं पडलं असन."

ही गाडी त्यानं अकोल्याच्या एका ठेकेदाराकडून घेतली होती. पेट्रोल पिते म्हणून तेव्हा ती कोणालाच नको होती. पुंजाजी ती लग्नात भाड्यानं द्यायचा, स्वतःच चालवायचा. जवळच्या मालेगावपासून रिसोडपर्यंत नवरदेव तिच्यात मिरवले. मग लोकांनी नव्या डिझेल गाड्या घेतल्या, कॉन्टेसाला कोणी विचारेना. ती दोन पावसाळे बाभळीखाली उभी राहिली. शेवटी कारंजाचा एक भंगारवाला तिला साखळीनं ओढत घेऊन गेला. आलेल्या पैशात मागच्या खोलीवर छपराच्या टिना पडल्या.

शून्य मात्र जास्तीचं नव्हतं. धम्मदीपा वाशीमला परतली, पण फोनवर किंमत सांगत राहिली. साडेसातचे नऊ झाले, नवाचे साडेदहा. तशाच दुसऱ्या गाड्यांचंही तेच चाललं होतं. एकानं भाव वाढवला की बाकीचे त्याच्या पुढं जायचे.

विमलबाई, धम्मदीपाची आई, आता रोज संध्याकाळी विचारायची, "आज कितीवर गेली वं?"

"अकरा, आई."

"ना बाप्पा! उभ्या उभ्या?"

शेजारणींना सांगितलं तर त्यांना थट्टाच वाटली. एकदा पुंजाजी मागच्या खोलीत टिनांकडं बघत उभा असलेला विमलबाईनं पाहिला आणि त्या दिवशी तिनं किंमत विचारली नाही.

पण पुढच्या रविवारी लेक घरी आली तेव्हा विमलबाई म्हणाली, "कोणी घेऊन जाईन तिले. त्याच्या पह्यले मले एकदा पाहू द्या."

"पाहून काय करतं?" पुंजाजी म्हणाला.

"काई नाही. पाह्यतो फक्त."

तिघं एसटीनं कारंजाला गेले. जाहिरातीतला पत्ता गावाबाहेरच्या एका बंद जिनिंगचा होता. आतली सरकी, कापूस कधीचाच गेला होता. उंच छपराखाली झाकलेल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. खांद्यावर फडकं टाकलेला एक तिशीतला माणूस पुढं आला. त्याचं नाव शिवम. जुन्या गाड्या आणायच्या, उभ्या करायच्या, विकायच्या, हा त्याचा धंदा.

"घ्यायची आहे का काका?"

"नाही," पुंजाजी म्हणाला. "माह्यी होती."

शिवमनं कापड ओढलं.

पुंजाजीच्या तोंडून नुसता श्वास निघाला. त्यानं ती अशी कधीच पाहिली नव्हती, कारण त्याच्याकडं ती आलीच होती जुनी होऊन. वरच्या झरोक्यातलं ऊन बोनेटवर पडलं होतं आणि त्यात तिघांची तोंडं दिसत होती. विमलबाईनं नकळत पदर सारखा केला.

"इतके पैसे देते कोण, भाऊ?" तिनं विचारलं.

"देतात ना काकू. ज्याच्या बापानं इकली, त्याचा पोरगा शोधत येऊन राह्यला. लहानपणी याच्यात बसले होते ते लोक, आता कमावते झाले." शिवमनं मागचं दार उघडलं. "हिचं सारं ओरिजिनल आहे. शिटाबी त्याच. म्हणून तं भाव आहे. फक्त हा एक डाग. म्या किती घासला, गेलाच नाही. पुण्याचा एक जण याच्यापायीच पैसे कमी करा म्हणून राह्यला."

मागच्या सीटवर उजव्या बाजूला तळहाताएवढा काळपट डाग होता. विमलबाई वाकली. बराच वेळ तिनं मान वर केली नाही.

"तो जाणार नाही, भाऊ," ती म्हणाली. "तठी माह्यी हे पोरगी झाली."

शिवमनं धम्मदीपाकडं पाहिलं, मग सीटकडं. त्याचा एक गुडघा सीटवर टेकलेला होता. तो त्यानं हळूच काढून घेतला.

मग विमलबाईनं सांगितलं. पुंजाजी सकाळचं लग्न लावून घरी आला, बोनेटवर झेंडूच्या माळा तशाच होत्या, आणि तिला कळा सुरू झाल्या. मालेगावच्या दवाखान्यात न्यायला निघाले. अर्ध्या वाटेत तिनं ओरडून गाडी थांबवायला लावली. बाजूच्या वावरात तांड्यावरच्या बंजारा बाया तूर सोंगत होत्या, त्या धावत आल्या. त्यातली ललिताबाई नावाची एक आत शिरली. बाकीच्यांनी ओढण्या धरून चारी दारं झाकली.

"हे काय करत होते?" शिवमनं पुंजाजीकडं बोट दाखवलं.

"रस्त्याच्या मधात उभे राहून ट्रका थांबवत होते. कोणी हॉर्न वाजवू नोको म्हणून."

"मंग?"

"मंग रडली हे. नाळ कापाले मळक्या विळ्याबिगर काई नव्हतं. ललिताबाईनं आरशाच्या ओढणीत गुंडाळून माह्या पोटावर ठेवली, अन् तसंच मालेगाव गाठलं."

धम्मदीपा रोज बाळंतपणं पाहते. आपण गाडीत झालो हे तिला ठाऊक होतं. लहानपणी पोरी त्यावरून चिडवायच्या. पण आता ती दारात उभी राहून सीटची रुंदी डोळ्यांनी मोजत होती.

"आई, एवढ्याशा जागेत? तू, ललिताबाई, अन् मी?"

"मावलो ना."

"रक्त किती गेलं असन तुह्यं…" ती थांबली. वॉर्डात असं काही घडलं तर किती माणसं धावतात, हे तिला माहीत होतं.

"बसू का मी?" तिनं शिवमला विचारलं.

"बसा ना ताई! विचारता काहून?"

तिनं चपला बाहेर काढल्या. आत गेली आणि बसण्याऐवजी आडवी झाली, पाय दुमडून. वर छताचं पांढुरकं कापड होतं, त्याला बारीक बारीक भोकं. जगात आल्यावर आपण सगळ्यात आधी हेच पाहिलं असेल, असं तिच्या मनात आलं. छपरावर पारवे घुमत होते.

शिवमनं किल्ली पुंजाजीच्या हातात दिली. "चालू तं करा, काका."

पुंजाजी बसला. पहिल्याच फिरकीला इंजिन चालू झालं आणि त्याच्या आवाजानं ती रिकामी जिनिंग भरून गेली. पुंजाजीनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही.

निघताना शिवम म्हणाला, "किंमत कमी करू शकत नाही काका, माहा लय पैसा लागला. पण डागापायी आता एक रुपयाबी सोडणार नाही कोणाले."

दहाएक दिवसांनी त्याचा फोन आला. गाडी साडेबारा लाखाला गेली. घेणारा नाशिकचा. त्यानं डागाचं विचारलं, शिवमनं सगळं सांगितलं.

"मंग?" विमलबाईनं फोन कानाला घट्ट धरला.

"लय वेळ बसून राह्यला तो खुर्चीवर. मंग त्याची बायको अन् दोन लेकरं आली होती ना, त्याईले पुढच्या शिटवर कोंबलं. मागं कोणाले बसूच नाही देल्लं, काकू. तसाच गेला नाशिकले."

विमलबाई म्हणाली, "त्याले फोन कर बाप्पा. बसवा म्हणा लेकराईले मागं. आडवे होऊन झोपले तं लय जागा आहे."