थंड व्हॉल्व्हचं माप

नातीनं तारेचा सातवा वेढा पेन्सिलीवर घट्ट ओढला, गुंडाळी पेन्सिलीवरून उतरवून पत्र्याच्या डबीत डाख देऊन बसवली आणि हात झटकले.

"झालं, आजोबा! मीटरवर मोजून जुळवलंय. बरोब्बर पन्नास ओहम."

आजोबांनी डबी लांबच्या माणसाशी बोलायच्या नव्या बिनतारी रेडिओच्या आणि त्याचा जोर वाढवणाऱ्या जुन्या अॅम्प्लिफायरच्या मधे जोडली. जुना रेडिओ गेल्या महिन्यात जळाला. नवा दिसायला देखणा, पण भारी नाजूक. अॅम्प्लिफायरशी त्याचं जुळत नव्हतं. ताकद उलटून अंगावर आली, की हा लगेच हात आखडता घ्यायचा. म्हणून तीन रविवार चारच्या ठोक्याला अॅम्प्लिफायरविना एकटा रेडिओच हाका मारत होता, आणि समुद्रापलीकडून जुन्या मित्राचं, पोपटचं उत्तर येत नव्हतं. बडबडीवरून ज्याला हे नाव पडलं, तोच गप्प.

"सरळ फोन करा ना."

"चाळीस वर्षांत आम्ही फोनवर बोललो नाही. आता केला तर घाबरेल बिचारा, कोण गेलं म्हणून."

आजोबा हसले खरे. पण तेवढ्यात त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

चार वाजायला वीस मिनिटं होती. त्यांनी बटण दाबलं. उलटणारी ताकद दाखवणारा रेडिओवरचा काटा तीनवर जाऊन बसला आणि रेडिओनं अंग चोरलं.

"तू मोजलंस तेव्हा अॅम्प्लिफायर चालू होता का गं?"

"बंद होता. चालू असता तर मीटर जळला नसता?"

"अगं, त्यातला थंड व्हॉल्व्ह मोजून काय हाती लागणार? आतून वीज वाहायला लागली की तो वेगळाच असतो. झोपलेल्या माणसाची नाडी बघून तो धावताना किती दमेल, हे ठरवलंस तू!"

"मग तुम्ही शेजारी बसून मान कशाला डोलावत होतात?"

"डोलावत नव्हतो. पेंगत होतो."

तिनं प्लॅस्टिकचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. अॅम्प्लिफायरमधले काचेचे व्हॉल्व्ह तापून केशरी झाले. आजोबा क्षणभर बटण दाबत, सोडत. ती डबीतला जुळवणीचा स्क्रू केसभर फिरवायची आणि काट्याकडे बघायची. अडीच. दोन. मग काटा घसरत एकच्या जेमतेम वर टेकला. रेडिओनं या खेपेला काही कुरकुर केली नाही.

चार वाजता आजोबांनी हाक दिली. खरखर झाली आणि त्यातून पोपटचा आवाज आला.

"ऐकतोय रे, ऐकतोय! आज माझं छप्पर उडवतोस की काय? ओव्हर."

नातीनं खुर्चीतच उडी मारली.

"तीन रविवार पोचत नव्हतो तुझ्यापर्यंत," आजोबा म्हणाले. "नातीनं आज जुळवून दिलं. ओव्हर."

खरखरीतून पोपटचा आवाज पुन्हा आला, आता हळू.

"पोचत होतास. तिन्ही रविवारी, शब्द न् शब्द. मीच बटण दाबलं नाही. मुलगी मला तिच्या घरी नेतेय. त्या इमारतीत अँटेना लावू देत नाहीत. आजचा रविवार शेवटचा. सांगू कसं तेच सुचेना. ओव्हर."

आजोबांनी हात लांब करून अॅम्प्लिफायर बंद केला; एकटा रेडिओच पुरत होता. व्हॉल्व्ह विझत गेले. नातीनं स्क्रू ड्रायव्हर हळूच टेबलावर ठेवला.

त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला.

"तिथल्या तुझ्या खोलीला खिडकी आहे ना? आतल्या आत एक तार ताणता येईल. कुठल्या दिशेला उघडते? ओव्हर."